व्रण ज्याचा, निर्णय त्याचा



कर्करोगाचे ऑपरेशन झाले, टाके निघाले, माणूस घरी आला की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. उपकारस्तुतीची मिस्सा होते, भेटणारे भेटून जातात. आपले काम तिथे संपते. आजाऱ्याचे मात्र तेव्हाच सुरू होते.

स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाल्यावर जखम वरून भरते, पण कातडी आत चिकटून ओढ बसते. वेणी घालायला हात वर जात नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येऊ शकते. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, व्रणावर बोटांनी हलकेच मालीश करायची आणि खांद्याचे व्यायाम नेमाने करायचे. व्रण मऊ व्हायला वर्ष, कधी त्याहूनही अधिक लागते. मिश्री-तंबाखूने होणारा तोंडाचा कर्करोग आपल्याला नवा नाही. जबड्याचे ऑपरेशन झालेल्याचा व्रण तर पदराखालीही झाकता येत नाही.

मग हा व्रण झाकावा की दाखवावा? कुणी म्हणतात, लाज कसली, चारचौघांत सांगावे, दुसऱ्यांना धीर येईल. कुणी म्हणतात, घरातली गोष्ट घरात राहू द्यावी. सल्ला देणारे आपण. व्रण मात्र दुसऱ्याचा.

योहानाच्या शुभवर्तमानातील २०वा अध्याय आठवू या. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवर व कुशीत जखमांच्या खुणा होत्या. गौरवी शरीरावरूनही त्या पुसल्या गेल्या नाहीत. म्हणजे व्रण राहिला म्हणून माणूस अपुरा बरा झाला असे नाही. पण प्रभूने त्या खुणा यरुशलेमच्या बाजारात दाखवल्या नाहीत. बंद दाराआड, आपल्या माणसांत दाखवल्या. थोमाने हट्ट धरला खरा, तरी हात पुढे करण्याचे आमंत्रण प्रभूनेच दिले. व्रण ज्याचा, निर्णय त्याचा. ज्या घरात झाकण्याची सक्ती नाही आणि दाखवण्याचीही नाही, असे घर होणे हे आपले कर्तव्य.

परळचे टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले. गावोगावचे रुग्ण तिथे उपचार घेतात आणि त्यांच्यापैकी कितीतरी जण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. जिथे शेजारचाही त्याच वाटेने चाललेला असतो, तिथे टक लावून पाहणारे कोण? परके वाटणे सुरू होते ते गावी परतल्यावर, आपल्या नजरेने.

न विचारणे म्हणजे टाळणे नव्हे. किती पसरले, काय काढले, हे विचारू नये. उद्या सोबत येऊ का, हे जरूर विचारावे. रेडिएशनसाठी बहुधा आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे जावे लागते. कोरेगावहून कराड किंवा मिरजेला रोज सोबत कोण जाईल? घेवडा काढणीला आला आणि त्या हाताने ओझे उचलायचे नाही, तर भारा कोण उचलेल? सातारा-सांगलीकडे आपला समाज लहान आणि विखुरलेला. म्हणून तर एकेका घराची अनुपस्थिती चटकन जाणवते, आणि एकेका घराची साथही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली ११ फेब्रुवारी, लूर्द मातेचा सण, हा आजाऱ्यांचा जागतिक दिन ठरवला. पण आजाऱ्याची आठवण एका दिवसाची नसावी. ऑपरेशनला सहा महिने झालेले कुणी आपल्या ओळखीत आहे का? या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊ या.

आजाऱ्यांच्या संस्कारात धर्मगुरू कपाळाला आणि हातांना पवित्र तेल लावतात. रोग शरीरात कुठे आहे, तो भाग उघडा करून दाखवा, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. ती फक्त जवळ येते आणि स्पर्श करते. आपणही तेवढेच करू या.