रिकामा शंख

दृष्टांत चुकला की सिद्धान्तही लंगडतो, हे आम्ही पाठशाळेत घोकले होते; पण त्याचा अनुभव यावयास साठी उलटावी लागली.

देहाची अनित्यता सांगताना आम्ही वर्षानुवर्षे म्हणत आलो की, सापाने कात टाकावी तसा शंखातला जीव घर टाकून निघून जातो आणि ते रिकामे घर आपण देवापुढे वाजवतो. श्रोते माना डोलवीत. गेल्या वर्षी आर्वीस कीर्तन आटोपल्यावर एक शाळकरी मुलगी डबा घेऊन पुढे आली. कोकणच्या सहलीत वेचलेले शंख, शिंपले, कवड्या त्यात होत्या. म्हणाली, "महाराज, शंखातला जीव घर टाकत नाही जी. तो मेल्यावरच घर रिकामं होते."

चौकशी केली. पोरीचेच खरे! तो मऊ प्राणी अंगातून चुना पाझरवून काठाकाठाने कवच वाढवितो आणि जन्मभर स्नायूने त्याला चिकटून असतो. पूजेचे शंख मन्नारच्या आखातात तुतिकोरिनचे पाणबुडे पिढ्यान्‌पिढ्या बुड्या मारून काढीत आले. वाळूत पडून राहिलेल्या शंखाचे तेज जाते. म्हणून बाजारातला चकचकीत शंख बहुधा जिवंत प्राण्यापासूनच घेतलेला असतो. बरे, खरोखर रिकामा झालेला शंखही फुकट जात नाही. मऊ पोटाचा एक खेकडा त्यातच बिऱ्हाड करतो.

वेदान्तात शुक्तिरजताचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. शिंपीवर रुप्याचा भास होतो, तो भ्रम. आम्ही रुप्याचा भ्रम पुष्कळ निवारला. शिंपीत कोणी राहत होते काय, हे मात्र कधी विचारले नाही. गळ्यात तुळशीची माळ, मुंगीलाही जपून पाऊल, आणि ओठाला कोणाचे तरी घर!

मुलीने विचारले, "मग हे परत नेऊ का जी?" आर्वीहून समुद्र किती दूर! आमच्या वर्धेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत मिळून समुद्रास पोचते, पण डबा कसा पोचावा? म्हटले, "बाळ, आणलेले जपून ठेव. पुढल्या खेपेस उचल, आत कोण आहे पाहा, आणि होते तिथेच ठेव. पाहणे हाही संग्रहच." १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ साली शंख-शिंपल्यांच्या काही जाती घातल्या आहेत, त्या गोळा करणे गुन्हा आहे. परंतु बाकीच्यांचा कायदा आपल्या अंतःकरणातच हवा.

आमच्या देवघरात आजोबांचा शंख आहे. तो वाजवतो, पण आधी त्यातल्या जीवाला मनाने नमस्कार करतो. नवा घेणार नाही. दिंडीला टाळ, मृदंग, वीणा पुरे आहेत.

दृष्टांतही बदलला. आता सांगतो : मीपणाचे कवच कोणी बाहेरून घालत नाही. आपणच ते थेंबाथेंबाने पाझरवितो आणि आपणच त्याला चिकटून बसतो. त्या शंखातल्या जीवाला सुटका नाही. आपल्याला नाम आहे.

रामकृष्ण हरी.