संकल्प आणि हट्ट

तीर्थयात्रेस निघणारा प्रत्येक भाविक घराचा उंबरठा ओलांडताना मनाशी काही संकल्प करीत असतो. कुणाचा नवस फेडावयाचा असतो, कुणाला आईवडिलांची अपुरी राहिलेली इच्छा पूर्ण करावयाची असते, तर कुणी उतारवयात एकदा तरी हिमालयातील देवस्थान पाहावे म्हणून एकटाच निघतो. वाट चढू लागते, हवा विरळ होते, पाऊल जड पडते आणि मग मन व शरीर यांचा वाद सुरू होतो. मन म्हणते, इतके आलो, आता थोडेच राहिले. शरीर म्हणते, पुरे. अशा वेळी मागे फिरणे हा श्रद्धेचा पराभव होय काय? एकट्या यात्रेकरूला हा प्रश्न अधिकच कठीण जातो, कारण 'आता थांबा' असे म्हणणारे त्याच्याजवळ कुणीच नसते.

या प्रश्नाचा विचार करताना एव्हरेस्टच्या वाटेवर एकट्याने गेलेल्या दोन माणसांचे स्मरण होते. पहिला मॉरिस विल्सन. पहिल्या महायुद्धात लढलेल्या या इंग्रज गृहस्थाची अशी दृढ धारणा होती की, उपवास आणि प्रार्थना यांच्या बळावर मनुष्यास काहीही अशक्य नाही. गिर्यारोहणाचा त्यास अनुभव नव्हता. 1933 साली तो एका लहानशा विमानातून एकटाच इंग्लंडहून हिंदुस्थानात आला. सरकारने परवानगी नाकारली, तेव्हा 1934 साली वेषांतर करून, तीन शेर्पांना सोबत घेऊन तो तिबेटच्या बाजूने पर्वताच्या पायथ्याशी पोहोचला. वरच्या बर्फाच्या भिंतीपाशी त्याचे प्रयत्न निष्फळ ठरले. सोबत्यांनी परतण्याची विनवणी केली. परंतु मे महिन्याच्या अखेरीस तो एकटाच पुन्हा वर निघाला. पुढील वर्षी आलेल्या ब्रिटिश मोहिमेस त्याचा देह आणि त्याची रोजनिशी बर्फात सापडली.

दुसरा गोरान क्रॉप हा स्वीडनचा तरुण. ऑक्टोबर 1995 मध्ये तो 100 किलोंहून अधिक सामान घेऊन स्टॉकहोमहून सायकलने निघाला व नेपाळला पोहोचला. शेर्पांचे साहाय्य नाही, प्राणवायूची नळकांडी नाही, सारे ओझे स्वतःच्या पाठीवर, असा त्याचा नेम होता. मे 1996 च्या आरंभी तो शिखराखाली सुमारे 100 मीटरवर येऊन ठेपला. परंतु बर्फ खोल होता आणि दिवस कलत होता. शिखर गाठता आले असते, मात्र उतरताना अंधाराने गाठले असते. हजारो किलोमीटरची वाट तुडवून आलेला तो मनुष्य तेथून मागे फिरला.

त्या वेळी न्यूझीलंडचे अनुभवी गिर्यारोहक रॉब हॉल हेही आपल्या तुकडीसह पर्वतावर होते. क्रॉपच्या या संयमाची त्यांनी प्रशंसा केली होती. त्यानंतर काही दिवसांतच, 10 मे रोजी, एका थकलेल्या सोबत्याला शिखरापर्यंत नेण्यात परतीची वेळ उलटून गेली, वादळ आले आणि हॉल यांचा त्या पर्वतावरच अंत झाला. त्या वादळात एकूण आठ जणांचे प्राण गेले. दुसऱ्याच्या बाबतीत जे शहाणपण आपल्याला स्पष्ट दिसते, ते ऐन क्षणी आपल्या हातून आचरले जाईलच असे नाही, हेच या घटनेवरून ध्यानात येते. क्रॉप 23 मे रोजी पुन्हा गेला आणि शिखरावर पोहोचला. मागे फिरल्याने त्यास दीर्घायुष्य लाभले असेही नाही. 2002 साली अमेरिकेत एका कड्यावरून पडून त्याचा मृत्यू झाला. तेव्हा मागे फिरण्याचे मोल नंतर काय लाभले यावरून ठरविता येत नाही. ते त्या क्षणीच्या निर्णयातच असते.

विल्सनची श्रद्धा उणी होती असे कोण म्हणेल? आणि क्रॉपचा निर्धार दुबळा होता असे तरी कसे म्हणता येईल? या दोघांतील भेद श्रद्धेच्या मात्रेचा नसून तिच्या स्वरूपाचा आहे. एकाने पर्वताला अट घातली, दुसऱ्याने पर्वताची अट ऐकली.

आपल्या पूजाविधीत हा भेद फार पूर्वीच सांगून ठेवलेला आहे. पूजेच्या आरंभी यजमान हातात उदक घेऊन संकल्प सोडतो. त्यात देश, काळ, स्वतःचे नाव व गोत्र यांचा उच्चार होतो, आणि त्याबरोबरच एक लहानसा शब्द येतो, 'यथाशक्ति'. जे करावयाचे ते माझ्या शक्तीनुसार करीन. हा शब्द पळवाट म्हणून घातलेला नाही. आपण मर्यादित आहोत, याची ती देवासमोर दिलेली प्रांजळ कबुली होय. संकल्पातून हा एक शब्द गळला की उरतो तो हट्ट. दोन्हींत निश्चय असतो. परंतु संकल्प करणारा फळ देवावर सोपवितो आणि हट्ट धरणारा फळावर आपला हक्क सांगतो.

येथे कुणी म्हणेल, ध्रुवबाळाने हट्टच धरला नव्हता काय? धरला होता खरा; परंतु त्याच्या तपाचा रोख नारायणाकडे होता. अमुक एक उंची गाठीन तरच माझी भक्ती खरी, असे त्याने म्हटल्याचे कुठे आढळत नाही. ईश्वर भक्ताची हाक ऐकतो. विरळ हवेला आणि बर्फाला मात्र भक्त आणि अभक्त हा भेद कळत नाही.

महाभारतातील महाप्रस्थानाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. पांडव हिमालयाच्या वाटेस लागले. द्रौपदी आणि चारही भाऊ एकेक करून वाटेत पडले. अखेरीस धर्मराज एकटा उरला. सोबतीला होते ते केवळ एक कुत्रे. इंद्र रथ घेऊन सामोरा आला, स्वर्गाचे दार उघडले. अट एवढीच की कुत्र्यास सोडून यावे. धर्मराजाने नकार दिला. सर्वस्व गमावून जेथवर येऊन पोहोचला, त्या दारातून माघारी वळण्याची त्याची तयारी होती. मुक्कामाहून धर्म मोठा आहे हे त्याने जाणले, आणि ते कुत्रे म्हणजे साक्षात धर्मच होता असे पुढे प्रकट झाले. बद्रीनाथच्या पलीकडील सतोपंथाची बर्फाळ वाट हीच ती स्वर्गारोहणाची वाट, असे परंपरा मानते.

कैलासाचेही असेच आहे. 6,638 मीटर उंचीच्या या पर्वताच्या माथ्यावर मानवाचे पाऊल पडल्याची नोंद नाही. हिंदू, बौद्ध, जैन आणि बोन या चारही परंपरांना तो पूज्य आहे, आणि भाविक त्याला प्रदक्षिणा घालतात. माथ्यावर चढत नाहीत. सुमारे 52 किलोमीटरच्या या परिक्रमेत डोल्मा खिंड सुमारे 5,600 मीटर उंचीवर आहे. तेथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या तुलनेत जेमतेम निम्मा असतो. त्यामुळे अनेक यात्रेकरू खिंडीपूर्वीच थांबून पर्वताला हात जोडतात आणि परततात. 2020 पासून खंडित झालेली ही यात्रा 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. भारत सरकारच्या यात्रेत प्रथम दिल्लीत आणि पुढे उंचावर गेल्यावर पुन्हा वैद्यकीय तपासणी होते, आणि तीत अपात्र ठरलेल्यास परत पाठविले जाते. त्या क्षणी अश्रू आवरत नाहीत, हे खरे. परंतु रक्तदाबाचा वा हृदयाचा विकार लपवून पुढे जाणे हे देवाच्या वाटेवर असत्याने चालणे होय. शिवाय एकट्याचा हट्ट एकट्यापुरता राहत नाही. त्याला खांद्यावरून उतरविणारे मजूर, जीव धोक्यात घालून शोधास निघणारे जवान आणि घरी वाट पाहणारी माणसे, या सर्वांना त्याची किंमत मोजावी लागते.

केदारनाथही सुमारे 3,580 मीटर उंचीवर आहे. अशा ठिकाणी चढताना डोके दुखणे, उलटी होणे, विसावा घेऊनही धाप न थांबणे ही लक्षणे दिसताच वर जाणे थांबवावे. त्रास वाढत असल्यास विलंब न लावता खाली उतरावे. पर्वतावरील आजारावर खाली उतरणे हाच मुख्य उपाय आहे. एकट्याने जाणाऱ्याने तर आपणच आपला वडीलधारा व्हावे आणि परतीची वेळ चढण्यापूर्वीच ठरवून ठेवावी.

मागे फिरणाऱ्याचे मन मोडू नये, याची काळजी आपल्या संतपरंपरेने घेतलेली आहे. पंढरीच्या वारीत शेकडो मैल चालून आलेले असंख्य वारकरी गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत जाऊ शकत नाहीत. ते नामदेव पायरीवर मस्तक टेकवतात, दुरून कळसाचे दर्शन घेतात आणि वारी पावली म्हणून समाधानाने परततात. त्यांची वारी अपुरी राहिली, असे आजवर कुणी म्हटलेले नाही. ज्याला पायरी आणि कळस यांतही देव भेटतो, त्याला डोंगराच्या अर्ध्या वाटेवर तो भेटणार नाही, असे कसे होईल?

सर्व भाविकांची यात्रा यथाशक्ति आणि सुखरूप घडो व सर्वजण आपापल्या घरी सुखाने परतोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.