नावानिशी मत

२३ जुलै २०१९ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या प्रतिनिधिगृहाने ‘हाउस बिल ६’ हे विधेयक ५१ विरुद्ध ३८ मतांनी मंजूर केले. गव्हर्नर माइक डिवाइन यांनी त्याच दिवशी त्यावर सही केली. ईरी सरोवराच्या काठावरचे डेव्हिस-बेसी आणि पेरी हे दोन अणुवीज प्रकल्प तोट्यात आहेत, असे ते चालवणाऱ्या कंपनीचे म्हणणे होते. ते तगवण्यासाठी वर्षाला १५ कोटी डॉलर वीजग्राहकांच्या मासिक बिलातून वसूल व्हायचे होते. दोन जुन्या कोळसा प्रकल्पांनाही त्यात टेकू मिळाला. त्यांतला एक तर शेजारच्या इंडियाना राज्यात आहे. शिवाय अपारंपरिक विजेच्या हिश्श्याची अट साडेबारा टक्क्यांवरून साडेआठवर आणली गेली आणि ऊर्जाबचतीची सक्तीची उद्दिष्टे संपवण्यात आली.

वर्षभराने प्रतिनिधिगृहाचे सभापती लॅरी हाउसहोल्डर यांना अटक झाली. ‘फर्स्टएनर्जी’ या वीजकंपनीचे जवळपास सहा कोटी डॉलर ‘जनरेशन नाउ’ नावाच्या संस्थेमार्फत फिरले होते. त्या पैशावर २०१८ मध्ये हाउसहोल्डर यांच्या मर्जीतले उमेदवार निवडून आले, त्यांनी हाउसहोल्डर यांना सभापती केले आणि सभापतींनी हे विधेयक तडीस नेले. कायदा सार्वमताला टाकावा म्हणून नागरिक सह्या गोळा करू लागले, तेव्हा त्यांच्यामागे चीन आहे अशा जाहिराती झळकल्या. मोहीम फसली. २०२३ मध्ये हाउसहोल्डर यांना वीस वर्षांची शिक्षा झाली.

वीज, पर्यावरण आणि लोकशाही हे तीन विषय वेगळे काढता येत नाहीत, हे ओहायोत लख्ख दिसले. अमेरिकेत पर्यावरणवादी संघटना लोकप्रतिनिधींची गुणपत्रिका काढतात. ‘लीग ऑफ कॉन्झर्व्हेशन व्होटर्स’ १९७० पासून काँग्रेसच्या सदस्यांची काढते आणि अनेक राज्यांतल्या तिच्या सहयोगी संघटना आपापल्या विधिमंडळाची. त्यांत आता मतदानाच्या हक्काविषयीची विधेयकेही धरली जातात. पर्यावरणवाल्यांनी यात का पडावे, असे विचारणाऱ्यांनी त्या सह्यांच्या मोहिमेचे काय झाले ते पाहावे. धुराड्याशेजारी राहणाऱ्याच्या मताला वजन नसेल, तर धुराचा प्रश्न सभागृहात पोहोचतच नाही.

गुणपत्रिकेची मर्यादाही ओहायोच्या याच विधेयकात दिसते. अणुवीज कार्बन सोडत नाही. प्रकल्प बंद झाला तर आसपासच्या गावांतल्या नोकऱ्या जातात, शाळांना मिळणारा कर आटतो. या काळजीपोटी एखाद्या सदस्याने प्रामाणिकपणे होकार दिला असेल. पण त्याच होकाराने त्याने कोळशालाही पैसे दिले आणि पवन-सौरऊर्जेचे पाय कापले. शंभरपैकी अमुक गुण, या आकड्यात ही ओढाताण मावत नाही. समितीत दाबून टाकलेली विधेयके तर त्यात येतच नाहीत. नोंद झाली म्हणजे मतदार शिक्षा करतातच, असेही नाही. आरोपपत्र डोक्यावर असताना २०२० च्या नोव्हेंबरात हाउसहोल्डर पुन्हा निवडून आले.

तरीही मी नोंदीच्या बाजूने आहे. त्या ५१ आणि ३८ जणांची नावे कोणालाही वाचता येतात, आणि दोन्ही याद्यांत दोन्ही पक्षांचे सदस्य सापडतात. मतदार आपल्या सदस्याला गाठून विचारू शकतो: कोळशासाठी माझ्या बिलात पैसे का घातलेत? २०२१ मध्ये अणुप्रकल्पांचे अनुदान रद्द झाले आणि त्याच वर्षी सभागृहाने ७५ विरुद्ध २१ मतांनी हाउसहोल्डर यांचे सदस्यत्व काढून घेतले. त्या २१ जणांचीही नावे आहेत.

असा प्रश्न आपण आपल्या आमदाराला विचारू शकतो का? १० जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र विधानसभेने विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने संमत केले. त्यावर बारा हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या होत्या. माकपचे विनोद निकोले यांनी विरोध केला, एवढे बातम्यांत वाचायला मिळाले. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. पुढे याच विधेयकाविरुद्ध विरोधी पक्ष रस्त्यावर उतरले. पण १० जुलैला सभागृहात कोण ‘होय’ म्हणाले, कोण गप्प बसले आणि कोण आलेच नव्हते, याची नावनिशीवार यादी नाही. सभात्यागाचे छायाचित्र छापून येते; मतविभाजन मागितले असते तर नावे कायमची राहिली असती.

पक्षाचा व्हिप आल्यावर आमदाराच्या मताला अर्थ काय, असे यावर म्हणतात. पक्षांतरबंदीचा १९८५ चा कायदा आमदाराचे हात बांधतो, हे खरे. पण १९९२ च्या किहोटो होलोहन निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की अपात्रतेची टांगती तलवार सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या मूळ कार्यक्रमाशी निगडित मतदानापुरतीच असावी. पाणथळ जागा, खाणी किंवा वीजदर यांवरच्या प्रत्येक मताला ती लागू करणे हा पक्षांचा सोयीचा अर्थ आहे. आणि व्हिप असलाच, तरी त्याखाली कोणी आपल्या तालुक्याविरुद्ध मत दिले, हे त्या तालुक्याला कळायला नको का?

प्रत्येक विधेयकाच्या अखेरच्या मंजुरीला नावनिशीवार मत घ्यावे आणि ती यादी त्याच दिवशी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर यावी, एवढीच मागणी आहे. तिला घटनादुरुस्ती लागत नाही. अनुच्छेद २०८ नुसार सभागृह आपले नियम स्वतः करते. ही सुधारणा कोणताही आमदार पुढच्या अधिवेशनात सुचवू शकतो.