शेजारची चूल आणि आपली पंगत

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मुंबईस नोकरीला आहे. बढती मिळाल्याच्या आनंदात तो सहा-सात मित्रांना घेऊन एका मोरोक्कन उपाहारगृहात गेला आणि दुसऱ्या दिवशी फोनवरून त्याने वडिलांना त्या रात्रीचे साग्रसंगीत वर्णन ऐकविले. बुटक्या बैठका, पितळी दिव्यांचा मंद उजेड, शंकूच्या आकाराचे झाकण असलेले मातीचे भांडे, त्यात हळूहळू शिजलेले मटण आणि जर्दाळू, हातभर उंचीवरून धार धरून पेल्यात ओतलेला पुदिन्याचा चहा आणि मध्यरात्रीपर्यंत चाललेला हास्यविनोद. वडील कापूस पिकविणारे. त्यांनी सारे कौतुकाने ऐकून घेतले. पण रविवारी मिस्सा झाल्यावर ते आमच्यापाशी येऊन बसले आणि म्हणाले, "फादर, पोरगं हासते-खेळते, मले बरंच वाटते. पन त्याच हप्त्यात आमच्या शेजाऱ्याच्या घरी दोन दिस चूल पेटली नाही. मंग मी ह्या आनंदाचं काय करू?"

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले असे की, पैसा मुलाच्या कष्टाचा आहे, त्याने तो कसा खर्चावा यात इतरांनी पडू नये. दुसरे असे की, शेजारी उपाशी असताना मेजवानी झोडणे हे पापच होय. पहिल्या उत्तरात शेजारी नाही आणि दुसऱ्यात मित्र नाहीत, म्हणून ही दोन्ही उत्तरे आम्हांला अपुरी वाटतात.

दुसऱ्या उत्तराकडे भाविक मनाचा ओढा अधिक असतो, म्हणून त्याचाच आधी विचार करू. संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथात खेळ आणि विनोद यांची स्वतंत्र चर्चा केली आहे. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा आधार घेऊन ते विनोदालाही सद्गुणाचे स्थान देतात. इतकेच नव्हे, तर जो स्वतः कधी हसत नाही आणि इतरांच्या आनंदावर विरजण घालतो, त्यालाही ते दोष देतात. याच संदर्भात त्यांनी संत योहानाची एक जुनी कथा सांगितली आहे. योहान आपल्या शिष्यांसह खेळत असलेला पाहून काही जणांना खटकले. त्यांच्यापैकी एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडावयास सांगितले; पुन्हा सांगितले, पुन्हा सांगितले. अखेर विचारले, "असे सतत करता येईल काय?" तो म्हणाला, "नाही, धनुष्य मोडेल." माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने उत्तर दिले. खुद्द प्रभू येशूवर खादाडपणाचा आणि मद्यपीपणाचा आरोप झाला होता, हे मत्तयच्या शुभवर्तमानात नमूद आहे. तेव्हा पंगतीत बसून हसणे हे आपल्या परंपरेला परके नाही. (आमच्या सेमिनरीत काही जेवणे मौनात होत. सणाच्या दिवशी रेक्टर बोलण्याची परवानगी देत, तेव्हा तेच पातळ वरण किती चविष्ट लागे, हे त्या काळचे आमचे सोबती सांगतील.)

तथापि संत थॉमस यांनी एक अटही घातली आहे. विनोद व्यक्तीला, काळाला आणि स्थळाला शोभणारा असावा. आता आमचे स्थळ यवतमाळ जिल्हा. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांपैकी हा एक. येथे हसावे कसे आणि कोणासोबत, हा प्रश्न पुस्तकी नाही.

त्या मुलाने वर्णिलेल्या जेवणाचे मूळ घर पाहावे, म्हणजे काही उलगडा होतो. मोरोक्कोत शुक्रवारच्या नमाजानंतर घरोघरी कुसकुस करतात. गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे वाफवून त्यावर भाज्या आणि मांस घालतात. एकच मोठे पसरट भांडे मध्ये ठेवतात आणि सारे घर त्याभोवती बसते. प्रत्येकाने आपल्या समोरच्या भागातूनच खायचे, दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा नाही. मात्र यजमानाने मांसाचा उत्तम तुकडा पाहुण्यापुढे सरकवावा, हीच रीत. आपल्याकडील बोहरा समाजातही एका थाळाभोवती बसून, प्रथम मिठाची चिमूट चाखून जेवतात. मुंबईच्या उपाहारगृहात हे भांडे आले, दिवे आले, चहाची धारही आली; पण तेथे यजमान कोणीच नव्हता. शेवटी बिल आले आणि ते सात जणांत वाटले गेले.

आमच्या वऱ्हाडातील रोडगे याच कुळातले आहेत. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचा गोळा तेलाचे हात देत पदरापदराने वळायचा, गोवऱ्यांच्या आरात भाजायचा, राख फडक्याने झटकून तो फोडायचा आणि वर तुपाची धार. सोबत झणझणीत वांग्याची भाजी, वरण आणि पळसाची पत्रावळ. हे जेवण घरात होत नाही. ते शेतात, झाडाखाली किंवा देवळापाशी होते आणि याचे महत्त्व मोठे आहे, असे आम्हांस वाटते. शेताला दार नसते. धूर दिसला की वाटेवरच्या माणसाला हाक जाते, "या हो, दोन घास घेऊन जा." ज्याला हाक गेली त्याने नाही म्हणणे हाच अपमान. शहरातील उपाहारगृहाच्या काचेबाहेरून जाणाऱ्याला अशी हाक कोणी मारू शकत नाही. मारली तर व्यवस्थापक धावत येईल!

परंतु गावाचे फार गोडवे गाण्यातही अर्थ नाही. आता रोडग्यांच्या पार्ट्या वर्गणीवर होतात. माणशी इतके रुपये, असे आधीच ठरते. वर्गणीत गैर काही नाही. पण ज्याच्यापाशी ती नाही तो काय करतो, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. तो प्रथम म्हणतो, "पोट बरं नाही." नंतर म्हणतो, "पाहुणे येणार आहेत." पुढे त्याला कोणी बोलावीतच नाही. कर्जबाजारी माणूस जेवण सोडण्याच्या कितीतरी आधी पंगत सोडतो. फेडता येणार नाही असे आमंत्रण त्याला आणखी एका कर्जासारखे वाटते. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात, जे परत बोलावू शकत नाहीत त्यांनाच जेवावयास बोलवा, असे प्रभू सांगतो. त्याचा अर्थ आपण दानधर्म असा लावतो आणि मोकळे होतो. तेथे धान्य पोहोचविण्याची गोष्ट नाही. आपल्या शेजारी बसविण्याची आहे.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी या गोष्टीची दुसरी बाजू दाखविली. मुलीच्या बारशाला मटण आणि दारू हवीच, ही जातीची रीत त्यांनी मोडली आणि साधे गोडाचे जेवण घातले. ऋण काढून सण करू नका, हे ते पुढे आयुष्यभर गावोगाव सांगत राहिले. ते जेवण घालण्याच्या विरुद्ध नव्हते, भुकेल्याला अन्न हा तर त्यांचा धर्मच होता. त्यांचा रोष होता तो तोलामोलाच्या पंगतीवर, जिच्यात एकाने वाढले की दुसऱ्याने त्याहून अधिक वाढलेच पाहिजे.

आमच्या जिल्ह्यात एक तारीख अशी आहे की, ती आल्यावर हा सारा विचार टोचू लागतो. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी मालतीबाई आणि चार मुलांसह वर्ध्याजवळ जीवनयात्रा संपविली. २०१७ पासून अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेने अनेक लोक त्या दिवशी अन्नत्याग करतात. हाच दिवस संत योसेफाच्या सणाचा. तो बहुधा उपवासकाळात येतो आणि शुक्रवारी आला तर सोहळा म्हणून मांसवर्ज्याचा नियमही शिथिल होतो. २०२१ साली तसेच झाले. एकीकडे धर्मसभा जेवा म्हणते, दुसरीकडे शेजारी ताट बाजूला सारतो. इटलीतील सिसिली बेटावर याच दिवशी 'संत योसेफाचे मेज' मांडतात. घरोघरचे पदार्थ एकत्र येतात, गावातील गरिबांना पवित्र कुटुंब म्हणून प्रथम बसवितात आणि त्यांचे जेवण होईपर्यंत इतर थांबतात. अन्नत्याग आणि हे मेज यांत आम्हांला विरोध दिसत नाही. दोन्हीकडे ज्याची जागा रिकामी आहे त्याच्याकडे पाहूनच घास उचलला किंवा ठेवला जातो.

त्या वडिलांना आम्ही एवढेच सांगितले की, मुलाला रागावू नका, त्याचा आनंद खरा आहे. तो सुट्टीत येईल तेव्हा त्याच्या मित्रांसाठी शेतात रोडगे करा. वर्गणी ठेवू नका. आणि शेजाऱ्याला जेवावयास बोलावू नका, कारण तो येणार नाही. त्याला रोडगे भाजावयास बोलवा. पंचक्रोशीत आर लावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी तसे केले. शेजारी सकाळीच आला, गोवऱ्या कमी आहेत म्हणून कुरकुरला, मुंबईच्या पोरांना कणीक मळता येत नाही म्हणून दोघांना उठवून लावले आणि दुपारी पहिल्या पंगतीत, राखेने माखलेल्या हातांनी, मध्यभागी बसला. वांग्याच्या भाजीत मीठ कमी पडले आहे, असे त्याने सर्वांदेखत सांगितले.