स्वस्त घरपट्टी, महाग वस्ती

वर्धा जिल्ह्यात सिंदी दोन. सिंदी (रेल्वे)ला नगरपरिषद आहे, आणि वर्धा शहराला खेटून वाढलेल्या सिंदी (मेघे)ला ग्रामपंचायत. शेते अकृषक झाली, ले-आउट पडले, नोकरदार आणि पेन्शनर घरे बांधून राहिले. वस्ती शहराची झाली, कारभार मात्र १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यानेच चालतो.

या कारभाराचे दोन कागद पाहण्यासारखे आहेत. नमुना ८ म्हणजे घराच्या कर आकारणीची नोंद. बँकेला कर्जासाठी तो लागतो, म्हणून तो घरोघरी जपून ठेवलेला असतो. नमुना १ म्हणजे ग्रामपंचायतीचे वर्षाचे अंदाजपत्रक. ते मागायला सहसा कोणी जात नाही. माझ्या मते दुखणे इथेच आहे.

मागून तरी काय दिसेल? बरीचशी जमा वरून आलेली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ पासून मूळ अनुदानातला ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. रस्ते-दिव्यांसारख्या कामांना उरले ४० टक्के. हा पैसा मुख्यतः लोकसंख्येच्या हिशेबाने येतो, आणि ती लोकसंख्या २०११च्या जनगणनेची. त्यानंतर पडलेल्या ले-आउटमधला माणूस नळाचे पाणी पितो, कचरा टाकतो, पण अनुदानाच्या हिशेबात तो जन्मलेलाच नाही. जुन्या, न वाढणाऱ्या गावाला याची झळ नाही. शहरालगतच्या प्रत्येक गावाला आहे.

म्हणजे ले-आउटमधल्या या माणसाचा खर्च भागवायचा तो घरपट्टीतून. २०१५च्या अखेरीस नियम बदलले आणि घरपट्टी इमारतीच्या भांडवली मूल्यावर आली. शासनाने किमान आणि कमाल दर ठरवून दिले; मधला दर ग्रामपंचायतीने निवडायचा, दर चार वर्षांनी आकारणी सुधारायची. दर वाढवला की पुढच्या निवडणुकीत मते जातात, हे कोणत्याही सरपंचाला शिकवावे लागत नाही. शिवाय स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी राखायचे. त्यात गैर काही नाही, पण दिवाबत्तीचे बिल आणि कर्मचाऱ्यांच्या पगारातला ग्रामपंचायतीचा वाटा यांचा भार उरलेल्यावर पडतो.

वर्ध्याजवळच्या गावांत हद्दवाढीचा विषय निघाला की पहिला आक्षेप येतो तो नगरपरिषदेच्या कराचा. आक्षेप खोटा नाही, हिशेब मात्र अर्धा आहे. स्वतःची बोअर, तिच्या मोटारीचे वीजबिल, शोषखड्डा, तो उपसणारी गाडी, नाली नाही म्हणून अंगणात टाकलेला मुरूम, उन्हाळ्यातला टँकर हे सगळे करच आहेत. फक्त त्यांची पावती नमुना १०वर फाटत नाही. आणि ज्याला बोअर परवडत नाही तो हा कर बादली घेऊन भरतो.

कराच्या या प्रश्नाचा एक जाणकार वर्ध्यातच राहून गेला. जे. सी. कुमारप्पा यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त हाच विषय अभ्यासला होता. इंग्रजी राजवटीने गोळा केलेला कर जनतेच्या दारिद्र्याशी कसा जोडलेला आहे, हे त्यांनी मांडले. पुढे १९३४ साली निघालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम ते वर्ध्याच्या मगनवाडीत पाहत होते. कर किती, यापेक्षा तो कुठे आणि कुणावर खर्च होतो, हे पाहणारी ती नजर होती. त्यांच्या मनातले खेडे वेगळे होते. ले-आउटमधल्या सेप्टिक टाक्या त्यात नव्हत्या. तरी प्रश्न तोच.

नगरपरिषद आली की सगळे सुटेल, असे मला वाटत नाही. नगरपरिषदांच्या वॉर्डांतही टँकर फिरतात. घरपट्टी वाढवावी, असेच माझे मत आहे. पण वाढलेला रुपया कोणत्या नालीत, कोणत्या पाइपलाइनमध्ये जाणार हे आधी नमुना १वर, ले-आउटच्या नावासह लिहून. हे मागायची जागा ग्रामसभा. तिची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतली जी संख्या कमी ती. हजारो मतदारांच्या सिंदी (मेघे)त ती शंभरच धरावी लागते, आणि शंभर माणसे तर एका ले-आउटमधूनही जमतील.