शब्दांचा विटाळ



मी शाळेत इंग्रजी शिकवितो. एके दिवशी नववीतल्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, फिडल हे वाद्य आहे ना? मग शब्दकोशात त्याचा अर्थ ‘लबाडी करणे’ असाही का दिला आहे?” मी “उद्या सांगतो” म्हणून वेळ मारून नेली. पण त्या प्रश्नाने मला बरेच वाचावयास लावले. जे हाती आले ते इंग्रजीच्या तासापुरते नाही, म्हणून येथे मांडीत आहे.

आपण ज्याला व्हायोलिन म्हणतो, तेच चार तारांचे, गजाने वाजवावयाचे वाद्य म्हणजे फिडल. वाद्य एकच, नावे दोन. सभागृहात वाजले की बहुधा व्हायोलिन. जत्रेत, गुत्त्यात, शेतकऱ्याच्या लग्नात वाजले की फिडल. आता या दोन नावांचे नशीब पाहा. व्हायोलिन हा शब्द स्वच्छ राहिला. फिडलला मात्र काय काय चिकटले! ‘फिडल करणे’ म्हणजे उगाच हाताने चाळा करीत बसणे. ‘फिडल करणे’ म्हणजेच खोटा हिशेब मांडणे. वाद्याच्या गजाचे नाव उद्गार म्हणून काढले, की अर्थ होतो ‘काहीतरीच बडबड!’ ‘दुसरे फिडल वाजविणे’ म्हणजे दुसऱ्याच्या मागे दुय्यम होऊन राहणे. त्यातल्या त्यात बरा अर्थ एक आहे : धडधाकट माणसाला ‘फिडलसारखा ठणठणीत’ म्हणतात.

रोम जळत होते तेव्हा नीरो फिडल वाजवीत होता, ही म्हण तर जगभर गेली. रोमची ती आग इ. स. ६४ मधील. व्हायोलिन इटलीत घडले ते सोळाव्या शतकात, म्हणजे सुमारे पंधराशे वर्षांनी! टॅसिटस हा रोमन इतिहासकार सांगतो, की आग लागली तेव्हा नीरो रोममध्ये नव्हता, अँटियम येथे होता. आगीच्या वेळी तो गात होता, अशी केवळ वदंता होती. पण बेफिकीर राजाच्या हाती वाद्य द्यावयाचे, तर इंग्रजी म्हणीने फिडलच दिले.

हे वाद्य गावोगाव वाजविणारे कोण होते? १५७२ च्या इंग्लंडमधील कायद्याने ज्या फिरत्या वादकाला कोणा सरदाराचा आश्रय नाही वा परवाना नाही, त्याला भटक्या गुन्हेगारांच्या यादीत घातले. शिक्षा कोणती? फटके, आणि तापलेल्या लोखंडाने उजव्या कानाची कूर्चा जाळणे. १६५७ च्या कायद्यात तर गुत्त्यात वाजविणाऱ्या फिडलवाल्यांचा नावानिशी उल्लेख आहे. या कायद्यांमुळेच ‘लबाडी’ हा अर्थ आला, असे मी म्हणत नाही. शब्द अनेक वाटांनी वळतात. परंतु ज्या हातांना समाज तुच्छ मानतो, त्या हातांतल्या वस्तूचे नाव तुच्छतेसाठी वापरताना जीभ अडखळत नाही, एवढे खरे.

हा दोष इंग्रजांचाच आहे काय? आपली मराठी पाहा. फुशारकी मारणे म्हणजे टिमकी वाजविणे. तेच तेच रडगाणे म्हणजे तुणतुणे. वीणेवरून असा एखादा शब्द तुम्ही ऐकला आहे काय? वीणा कोणाच्या हाती होती आणि डफडे कोणाच्या गळ्यात होते, हे मी तुम्हांला सांगावयास नको.

माझे आजोबा लग्नावरातीत डफडे वाजवीत. धम्मदीक्षेनंतर त्यांनी ते खाली ठेवले ते कायमचे. योग्यच केले, कारण ते वादन नव्हते, वेठ होती. वाजवावयाचे त्यांनी, आणि जेवावयाचे दूर बसून, सर्वांच्या नंतर. पण परवा शाळेत आपल्याच वस्तीतल्या एका मुलाने दुसऱ्याला “ए डफडेवाल्या!” म्हणून हिणविले. त्या दुसऱ्या मुलाचे वडील बँडमध्ये वाजवून घर चालवितात. मी ऐकले आणि पुढे निघून गेलो. रात्री आजोबा आठवले. आपण वेठ टाकली, पण तिच्यातला तिरस्कार उचलून आपल्याच लेकरांच्या तोंडी दिला काय?

सुत्तनिपातातील वसल सुत्त येथे वाट दाखविते. श्रावस्तीत भिक्षेला निघालेल्या तथागतांना अग्गिक भारद्वाज या ब्राह्मणाने दुरूनच ‘वसल’, म्हणजे नीच, म्हणून थांबविले. तथागत रागावले नाहीत. ‘वसल कोणाला म्हणावे हे तुला ठाऊक आहे काय?’ असे विचारून त्यांनी त्या शब्दाचा अर्थच बदलून दाखविला. कर्ज घेऊन ‘मी तुझे देणे लागत नाही’ म्हणणारा, खोटी साक्ष देणारा, म्हाताऱ्या आईबापांना न पोसणारा, तो वसल. जन्माने कोणी वसल नाही, कर्माने होतो. लबाडी हिशेबात असते. ती वाद्यातही नसते आणि वाजविणाऱ्याच्या जातीतही नसते.

स्कॉटलंडमधील नील गो (१७२७–१८०७) हा विणकराचा मुलगा. तो फिडलवाला म्हणूनच जगला आणि त्याच नावाने मान मिळविला. आणि आपल्या बाबासाहेबांनी उतारवयात शिकावयास घेतलेले व्हायोलिन तरी कोणते? तेच, ज्याच्यासाठी कोणा गरीब फिडलवाल्याचा कान जाळला गेला असेल.

सम्यक वाचा म्हणजे केवळ खोटे न बोलणे नव्हे. कठोर वाणी टाकणे हेही तिचे अंग आहे. म्हणून प्रत्येक घरात एवढे करावे. मुलाने कोणाच्या धंद्याचे, वाद्याचे वा जातीचे नाव शिवी म्हणून उच्चारले, तर तेथेच थांबवून विचारावे : “या शब्दात त्या माणसाचा कोणता दोष आहे, सांग.”

मी त्या दिवशी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी फिडलचा अर्थ सांगताना दोन्ही मुलांना पहिल्या बाकावर शेजारी बसविले, आणि माझे आजोबा काय वाजवीत होते, हे साऱ्या वर्गाला सांगितले.