किती दिसते, हे कोणी ठरवावे?

नागपूर-वर्धा रस्त्यावरील केळझर टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे सर्वांस ठाऊक आहे. तेथे जन्मभर कापूस वेचलेल्या एखाद्या वृद्धेला मोतीबिंदू झाला, तर तिला किती दिसते हे कोणी ठरवावे? डॉक्टरांनी, घरच्यांनी की तिने स्वतः? आम्हांस हा प्रश्न केवळ वैद्यकाचा वाटत नाही.

मोजण्याचे साधन आहे. डच नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली अक्षरांचा तक्ता तयार केला. निकोप डोळ्याला साठ मीटरवरून ओळखता येणारे अक्षर ज्याला सहा मीटरवरूनच ओळखता येते, त्याची दृष्टी ६/६०. हे माप हवेच. परंतु तक्त्यावरचे ठळक काळे अक्षर सांगणारीला डाळीतला खडा सापडत नाही. धूसर भिंगात प्रकाश विखुरतो आणि वैशाखाच्या उन्हात समोरचा रस्ताच हरवतो. आपल्या देशाने २०१७ साली अंधत्वाची मर्यादा ६/६० वरून ३/६० वर आणली. कागदावरचे अंध कमी झाले. त्यामुळे एकाही डोळ्याला अधिक दिसू लागले नाही.

मोतीबिंदू पूर्ण पिकला की डॉक्टरांनाही आतले दृष्टिपटल दिसत नाही. मग बॅटरीचा झोत निरनिराळ्या बाजूंनी टाकून ते विचारतात, ‘उजेड कुठून येतो?’ येथे रुग्णाचा शब्दच प्रमाण. संत मार्कच्या शुभवर्तमानात बेथसैदाच्या आंधळ्यावर हात ठेवल्यावर प्रभू येशूनेही त्यालाच विचारले. माणसे झाडांसारखी भासतात, हे त्याने प्रांजळपणे सांगितले, म्हणून पुन्हा हात ठेवला गेला.

आमच्या घरांतून असे प्रांजळ उत्तर क्वचितच मिळते. ‘या वयात तिला काय पाहायचे आहे?’ असे मुले म्हणतात. आणि खर्चाचा भार नको म्हणून तीही ‘दिसतं की!’ म्हणते. सवयीचे घर ती हातांनी ओळखते. केळझरच्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचे कारणही आता उरलेले नाही. खरे अंतर उंबरठ्याच्या आतले आहे.

म्हणून ‘दिसते का?’ एवढे विचारून आमचे कर्तव्य संपत नाही. ‘आई, डाळ निवडणं का सोडलंस? संध्याकाळी बाहेर का येत नाहीस?’ असे विचारावे, आणि उत्तर ऐकण्यापूर्वीच खर्चाची काळजी तिच्या मनातून काढावी. ज्याला खरे सांगण्याची मोकळीक नाही, त्याची दृष्टी कोणत्याही तक्त्याने नीट मोजता येणार नाही.